शेठ पुढं, गाडी मागं

…न्हाई, पण मला सांगा, एवढा मोठा रस्ता असताना माणसानं बराबर मधूनच सायकल का चालवावी? कडंला जागा असती, साइडपट्टी असती, ती सोडून हे लोक असे मधून चालतेत की जसा काही रस्ता त्यांच्या आज्यानं पोरीला आंदणात दिल्ता. हॉर्न वाजवा, ऐकू येत न्हाई. डबल वाजवा, तर जरासं डावीकडं सरकल्यासारखं करतेत अन् परत हाये तिथं. आरसा न्हाई, नंबर न्हाई, लायसन न्हाई, मागं काय चाललंय ते बघायची पद्धतच न्हाई. तुम्हाला सांगतो, माझं सायकलवाल्याशी काही वैर न्हाई. बिलकुल न्हाई. पण ज्या माणसाची आपल्याला कायम पाठच दिसती, त्याच्यावर प्रेम करायचं म्हन्लं तर कसं करायचं?

मी संपत. गाव वडीगोद्री, धंदा ड्रायव्हरकी. आधी पाशिंजरची काळीपिवळी जीप चालवायचो, वडीगोद्री ते अंबड, अंबड ते वडीगोद्री, पुढच्या शिटावर मी धरून चौघं, त्यात गिअर कोणाच्या गुडघ्याखाली सापडंल त्याचा नेम न्हाई. मंग शांतिलालशेठनं बोलावून घेतलं. शेठचं हायवेला पाइप अन् पाण्याच्या मोटारींचं दुकान हाये. राजस्थानातून त्यांचे पणजोबा आल्ते म्हन्तेत, पण शेठ आता आपल्यापेक्षा जास्त इथले. कोणाच्या विहिरीला कोणती मोटार चालंल हे त्याहिला त्या शेतकऱ्याच्या आधी कळतं. त्यांची चांगली एसी गाडी हाये, ती चालवायला मी. मला वाटलं, चला, आपलं भलं झालं. आता जल्दी न्हाई, घाई न्हाई, पाशिंजर न्हाई. शेठला जालन्याला न्यायचं, संभाजीनगरला न्यायचं, गाडी सावलीत लावून पेपर वाचायचा. चांगलं चालू होतं.

मंग शेठच्या छातीत दुखलं.

तसं मोठं काही न्हाई झालं, देवाची कृपा, पण जालन्याच्या डॉक्टरनं सगळ्या तपासण्या केल्या अन् शेठला समोर बसवून सांगितलं की हे बघा, तुम्ही दिवसभर गादीवर बसता, गादीवरून उठून गाडीत बसता, गाडीतून उतरून जेवायला बसता, असंच बसत राह्यले तर एक दिवस कायमचं बसाल. व्यायाम करा. शेठ म्हन्ले चालतो. डॉक्टर म्हन्ले चाला, पोहा, सायकल चालवा, काही करा. आता शेठची नात रितिका, ती पुण्याला शिकती, तिनं फोनवर हे सगळं ऐकलं अन् तिकडून डायरेक्ट सायकलच पाठवून दिली. बरं सायकल म्हंजे आपली साधी सायकल न्हाई. गिअरची. मी आयुष्यभर गिअर टाकले, पण तिचे गिअर मला अजून समजले न्हाईत. अन् सोबत हेल्मेट, अर्धं टरबूज डोक्यावर पालथं घातल्यासारखं. अन् सोबत एक चड्डी. ती चड्डी शेठच्या बायकोनं, म्हंजे राजकुमारी भाभीजीनं, बॉक्समधून काढली, उलटीपालटी करून बघितली अन् कपाटात वरच्या खणात ठेवून दिली. ती आजतागायत कोणी घातलेली न्हाई. शेठ पायजम्यावरच सायकल चालवतेत, खाली रबर लावून.

आता इथपर्यंत माझं काय जातं? शेठची छाती, शेठची सायकल. पण भाभीजीनं अट घातली. शेठ एकटे जायचे न्हाईत. संपत गाडी घेऊन मागं राहील.

मला आधी समजलंच न्हाई. मागं म्हंजे? म्हंजे शेठ पुढं सायकलवर अन् मी मागून गाडीत, चारी इंडिकेटर चालू ठेवून, अंबड रोडनं, रोज सकाळी. खिशात जिभेखाली ठेवायची गोळी, शिटावर पाण्याची बाटली. काही झालं तर शेठला उचलायचं अन् गाडीत टाकायचं. मी म्हन्लं, भाभीजी, पण गाडी एवढी हळू चालत न्हाई. त्या म्हन्ल्या, चालवली की चालती.

तुम्ही कधी पहिल्या गिअरात तास-तासभर गाडी चालवलीये का? पाय क्लचवरच. गुडघ्याला आग. गाडी हुंदके देती. एसीची हवा गार लागत न्हाई. अन् समोर काय, तर शेठची पाठ. पांढरा सदरा, वर टरबूज, खाली पायजम्याला रबर. मी, म्हंजे ज्या माणसाला आयुष्यात सायकलवाल्याची पाठ दिसली की हात आपोआप हॉर्नवर जायचा, त्या माणसाला आता पगार देऊन सायकलवाल्याची पाठ बघायला ठेवलं. माझं काही वैर न्हाई, मी आधीच सांगितलं. पण नशिबाचं असंल का न्हाई माझ्याशी?

अन् लोक. शेठला कोणी काही म्हनत न्हाई बरं का. शेठ दिसतच न्हाईत मागच्याला, त्याला माझी गाडी दिसती. सगळे हॉर्न मला. सगळ्या शिव्या मला. मोटरसायकलवाले बाजूनी जाताना काचेतून आत वाकून बघायचे, की ह्याला झोप लागली का काय. एकानं विचारलं वरात हाये का, नवरदेव कुठाय. एक म्हातारा तर टोपी काढून कडंला उभा राह्यला. त्याला वाटलं मयत चाललीये. अन् माझे जुने काळीपिवळीवाले दोस्त, ते तर जाता-जाता गाडी माझ्या बरोबरीला आणायचे अन् म्हनायचे, काय संपत, एसी लागतोय का? मी काच वर करायचो.

त्यातला एक माऊली. नाव माऊली, पण रस्त्यावर बसला की त्याच्यात काही माऊलीपण राहत न्हाई. तसा माणूस लाखात एक. माझ्या पोरीला ताप आल्ता तेव्हा अर्ध्या पाशिंजरला उतरवून तिला अंबडला घेऊन गेल्ता. पण स्टेरिंग हातात आलं की त्याला पुढं कोणी चालंलच न्हाई. मी बी तसाच होतो, मी काही वेगळा न्हाई. ड्रायव्हरच्या जातीला एकच रोग हाये, पुढच्याचा राग. त्यात पुढचा जर ट्रक असंल तर राग येतो पण माणूस गप बसतो, कारण ट्रक मोठा. पुढचा सायकलवाला असला की मंग राग सगळा बाहेर येतो. त्याला एक बोट लागलं तरी तो पडंल हे आपल्याला माहीत असतं. अन् तो पडला तर लोक मोठ्या गाडीलाच धरून मारणार हे बी माहीत असतं. म्हंजे आधीच भ्यालेले असतो आपण. अन् भ्यालेला माणूस काय करतो? हॉर्न वाजवतो.

हे मला आधी समजलं नव्हतं. हे मागं बसून-बसून समजायला लागलं. काय करणार, दुसरं काही बघायलाच नव्हतं. पाठ बघा, रस्ता बघा, बाजूनी जाणारे बघा. मी पाह्यलं, जीपा, ट्रॅक्टर, एसटी, सगळे शेठच्या कोपराला घासूनच जातेत. शेजारी अख्खा रस्ता मोकळा असतो, तरी घासूनच. अन् वरून गेल्यावर ड्रायव्हर आरशात बघून मान हलवतो, की काय माणसं असतेत. मी बी असाच गेलो असंल की किती वेळा, पण तेव्हा मी मागच्या शिटावर कुठं बसलो होतो माझं बघायला?

अन् ते कडंनी चालायचं. एक दिवस मी शेठला चहा पिताना म्हन्लं, शेठ, तुम्ही जरा कडंनी चालवत जा ना, लोक बोलतेत. शेठनं चहाचा कप खाली ठेवला. मला घेऊन गेले अन् साइडपट्टी दाखवली. डांबर जिथं संपतं तिथं वीतभर खोल उतार, त्यात फुटलेल्या बाटल्या, खडी, अन् मधी-मधी ऊस पडलेला. आमच्याकडं अंकुशनगरला साखर कारखाना हाये ना, तिकडं जाणाऱ्या ट्रॉल्यांतून उसाची टिपरं पडतेत, पोरं उचलून खातेत. गाडीतून ते टिपरू दिसत बी न्हाई. सायकलच्या चाकाखाली आलं तर माणूस सरळ आडवा. शेठनं पायानं ते टिपरू बाजूला सारलं अन् म्हन्ले, चल. बस, एवढंच. पण माझं मन काही एकदम पालटलं असं न्हाई हं. मी मनात म्हन्लं, असंल बाबा, पण मंग रस्त्यावर यायचंच कशाला? घरात सायकल भेटती की एका जागेवर चालवायची.

तर असे दिवस चालू होते. शेठची शुगर उतरली, चेहरा उजळला. आधी जिन्यावर दम लागायचा, आता दुकानात शिडीवर चढून पाइप काढायला लागले. भाभीजी खूश. माझी क्लचप्लेट गेली, पण ते कोणाला दिसत न्हाई.

मंग तो दिवस आला. ऊसतोडीचे दिवस, रस्त्याला डबल ट्रॉल्यांची रांग. एकेक ट्रॅक्टर असा भरलेला की मागून बघितलं तर उसाचा डोंगर चाललाय असं वाटावं, अन् वर स्पीकरवर गाणी फुल आवाजात, त्यामुळं ट्रॅक्टरवाल्याला जगात आणखी कोणी हाये हे माहीतच नसतं. शेठ पुढं, मी मागं. अंतर ठेवून चाललो होतो. अन् माझ्या मागं माऊलीची जीप. मी आरशात पाह्यलं, खच्चून भरलेली, दोघं मागं लटकलेले. हॉर्न सुरू. मी हात बाहेर काढून थांब म्हन्लं, कारण समोरून ट्रॅक्टर येत होता. माऊलीला ते दिसलं का न्हाई कोण जाणे. त्यानं जीप काढली. माझ्या बाजूनी पुढं गेला, अन् समोर बघतो तर डबल ट्रॉली. मंग तो करणार काय? डावीकडं घुसला, माझ्या अन् शेठच्या मधी जी जागा होती तिच्यात. अन् नेमकं त्याच वेळी शेठनं एक टिपरू चुकवायला हँडल जरासं उजवीकडं घेतलं.

माऊलीनं ब्रेक दाबला, जोरात दाबला, टायर ओरडले. पण जीपचा आरसा शेठच्या कोपराला लागला. लागला म्हंजे लई न्हाई, हाताचा धक्का लागावा तेवढा. पण सायकलला तेवढा पुरतो. शेठ डावीकडं गेले, साइडपट्टीवरून खाली, नालीतून पलीकडं, मोसंबीच्या बागंच्या कुंपणात.

मी गाडी कशी बंद केली, कसा उतरलो, काही आठवत न्हाई. गाडी रस्त्यातच होती, एवढं आठवतं. शेठ गवतात उताणे पडलेले, डोळे मिटलेले, टरबूज डोळ्यावर आलेलं. मला वाटलं, संपलं. भाभीजीचा चेहरा समोर आला. मी खिशातली गोळी काढली, ती दोनदा गवतात पडली, फुंकर मारून शेठच्या जिभेखाली कोंबायला लागलो. शेठनं डोळे उघडले, गोळी थुंकली अन् हळूच म्हन्ले, अरे संपत, हात दुखून राह्यला, जीभ न्हाई.

तुम्हाला सांगतो, त्या वेळी मला रडू आलं. खोटं कशाला बोलू.

तोपर्यंत गर्दी झालेली. जीपमधले सगळे उतरले, मोटरसायकली थांबल्या, ट्रॅक्टरवाला बी थांबला, त्याचं गाणं मात्र चालूच. अन् आता मजा ऐका. मला वाटलं, लोक माऊलीला धरतील. मीच जाऊन त्याची गचांडी धरणार होतो. पण गर्दी शेठवरच चिडली. एक जण म्हन्ला या वयात सायकल कशाला पाहिजे. दुसरा म्हन्ला घरी गाडी असून सायकल चालवतेत, एवढी बी कंजुषी बरी न्हाई. अहो, कंजुषी? मागं मी त्यांच्याच पेट्रोलवर रांगत चाललोय अन् हे म्हन्तेत पेट्रोल वाचवायला सायकल चालवतेत. तिसरा म्हन्ला सायकलवाल्याहिला शिस्तच न्हाई, मधीच हँडल वळवतेत. माणूस नालीत पडलेला, मनगट सुजून डबल झालेलं, अन् चूक त्याचीच. मी एकेकाचं तोंड बघत होतो. सगळी आपलीच माणसं. मी नसतो मागं बसलो तर मी बी हेच बोललो असतो.

त्या बागंची मालकीण तुळजाबाई, ती कुंपण मोडल्याचा आवाज ऐकून आल्ती. तांब्या घेऊन आली. गर्दीला म्हन्ली, आधी त्याहिला पाणी पिऊ द्या, मंग तुमचं चालू द्या. गर्दी जरा मागं सरली. शेठला आम्ही धरून मोसंबीच्या सावलीत बसवलं. अन् मंग मला माऊली दिसला. जीपच्या चाकाला टेकून खाली बसलेला. तोंड पांढरं फटक. हात गुडघ्यावर, ते असे हलत होते जसं काही अजून स्टेरिंग धरलंय. त्याच्याकडं बघून माझी गचांडी धरायची इच्छाच मेली.

शेठनं त्याला जवळ बोलावलं. तो येईना. मी हाताला धरून आणला. शेठनं मनगट मांडीवर धरलेलं, चेहऱ्यावर कळ दिसत होती, पण आवाज गार. म्हन्ले, "माऊली, मी तुला दिसलो न्हाई का?"

माऊलीनं हातानं तोंड पुसलं. मंग म्हन्ला, "दिसले ना शेठ. लई लांबून दिसले."

"मंग?"

"दिसले म्हणून तर राग आल्ता."

मंग त्यानं हळूहळू सांगितलं, मान खाली घालून. सकाळपासून लोक मानगुटीवर बसलेले, एकाला कोर्टात तारीख, एकीला दवाखान्यात नंबर, एकाची पुढची एसटी चुकती, वरून जीपमालकाचा फोन की अजून दुसरी फेरी का न्हाई झाली. सगळं जग त्याला एकच म्हनून राह्यलं, जल्दी जल्दी जल्दी. अन् समोर एक माणूस आपला आरामात चाललाय, त्याच्या मागं एसी गाडी, त्याला कोणी जल्दी म्हनत न्हाई. माऊली म्हन्ला, "तुम्हाला कुठंच जायचं न्हाई शेठ, अन् तरी रस्ता तुमचाच. मला ते बघवलं न्हाई."

मी हे ऐकलं अन् तुम्हाला सांगतो, माझ्या आख्ख्या ड्रायव्हरकीचं कोडं तिथं सुटलं. म्हंजे आधी सायकलवर गरीब माणूस असायचा, तेव्हा आपण त्याला म्हनायचो, बाजूला हो रे, तुझी लायकी काय. आता सायकलवर शेठ आला, तर आपण म्हन्तो, ह्याला काय कमी हाये. सायकलवाला बदलला, आपण न्हाई बदललो. गावातला दूधवाला सायकलवर चाललेला असला तर मला कधी राग न्हाई आला, कारण पाठीवरूनच कळतं की हा आपला दूधवाला. ज्याला ओळखतो त्याच्यासाठी माणूस ब्रेक दाबतो. बिनओळखीची पाठ दिसली की हॉर्न.

शेठनं माऊलीचं सगळं ऐकून घेतलं. तुळजाबाईनं मोसंबी सोलून त्यांच्या हातात दिली होती, ती त्यांनी चांगल्या हातानं माऊलीपुढं केली. अन् म्हन्ले, "मला बी जायचंच हाये, माऊली. फक्त जल्दी न्हाई."

ट्रॅक्टरवाल्यानं जाऊन गाणं बंद केलं.

मंग अंबडला दवाखाना, फोटो, मनगटाचं हाड मोडलेलं, प्लास्टर. पोलिसात जायचं का म्हनून लोकांनी विचारलं, शेठ न्हाई म्हन्ले. पण घरी, दुकानाच्या मागंच, भाभीजी होत्या. त्यांनी शेठचं प्लास्टर बघितलं. सायकल उचलली, स्वतः उचलली, अन् मागच्या खोलीत नेऊन पाइपांच्या बंडलामागं टाकली. कुलूप. मला वाटलं, चला, झालं, सुटलो. माझा गुडघा सुटला, क्लच सुटला, वाईटातून चांगलं निघालं. माझं सायकलवाल्याशी वैर न्हाई, पण सायकल कुलपात गेली याचं दुःख बी न्हाई.

पण शेठ सुकायला लागले ना. गादीवर बसून राहायचे. गिऱ्हाईक आलं तर बोलायचे न्हाईत. शुगर परत वर. रात्री जेवण न्हाई. दुकानापुढून कोणी सायकलवर गेलं की मान वळवून तो दिसंनासा हुईस्तोवर बघायचे. अन् माऊली रोज यायचा. त्याची जीप गेल्ती. मालकानं काढून घेतली, पाशिंजर घाबरतेत म्हनून. तो यायचा, दुकानाच्या पायरीवर बसायचा, शेठला विचारायचा हात कसा हाये, अन् जायचा. एवढंच. भाभीजी आतून बघायच्या. चहा कधी दिला न्हाई त्याला, पण बसू नको असं बी म्हन्ल्या न्हाईत.

प्लास्टर निघालं त्या दिवशी भाभीजीनं स्वतःच कुलूप काढलं. सायकल पुसली. मी जवळच उभा होतो. मला म्हन्ल्या, संपत, ह्याहिला घरात बसवून मी घाबरणार अन् बाहेर सोडून बी मीच घाबरणार. त्यापेक्षा बाहेर घाबरलेलं बरं, ते तरी हसतेत.

मी म्हन्लं ठीक हाये, मी मागं हायेच. तर शेठ म्हन्ले न्हाई, संपत मागं नको. हाताला अजून जोर न्हाई, कोणीतरी शेजारी पाहिजे, सायकलवर. फोनवर रितिका होती, ती म्हन्ली बराबर हाये, दोघं असले की गाडीवाल्याला लांबून दिसतेत. अन् तिची जुनी सायकल घरातच होती. गुलाबी. पुढं टोपलीवाली, घंटीवर फुलपाखरू. मी मिशीवाला माणूस. मी म्हन्लं, मंग मागं गाडी कोण चालवंल?

शेठनं दुकानाच्या पायरीकडं बघितलं.

भाभीजीचा आवाज चढला, पहिल्यांदाच चढला. "जिसने गिराया, उसीको पीछे लगाते क्या आप?" शेठ म्हन्ले, जो एकदा घाबरलाय तोच अंतर ठेवंल. भाभीजीनं लई वेळ माऊलीकडं बघितलं. माऊली उभा राह्यला होता, हात जोडून, जमिनीकडं बघत. मंग भाभीजी आत गेल्या अन् त्याच्यासाठी चहा घेऊन आल्या. त्या माणसानं तो चहा असा प्याला की मी दुसरीकडं बघायला लागलो.

तर आता असं चालू हाये. शेठ पुढं, शेजारी मी गुलाबी सायकलवर, टोपलीत पाण्याची बाटली अन् जिभेखालची गोळी, अन् मागं माऊली एसीत. अन् काय सांगू, सायकलवर बसल्यावर रस्ता वेगळाच दिसतो. खड्डा आधी दिसतो, आभाळ मंग. कुत्रं दिसतं, काच दिसती, पुलावर वारा आडवा लागतो. मागून येणारी गाडी दिसत न्हाई, नुसती ऐकू येती, अन् पाठीच्या कातडीला कळतं की आली, आली, आता किती लांब… मागं वळून बघावं तर हँडल हलतं, न्हाई बघावं तर जीव हलतो. अन् माझेच जुने दोस्त माझ्या कोपराला घासून जातेत अन् आरशात बघून मान हलवतेत. मी त्याहिला ओळखतो हो, ते मला ओळखत न्हाईत. पाठीवरून कसे ओळखतील?

माऊली अंतर ठेवतो, लई ठेवतो. एवढं ठेवतो की त्या अंतरात दुसऱ्या गाड्या घुसतेत. मंग तो घाबरून हॉर्न वाजवतो. त्या घुसलेल्या गाड्याहिला वाटतं आम्हीच मधी आलो, ते बी वाजवतेत. सकाळी सकाळी अंबड रोडला असा काही आवाज असतो की तुळजाबाई बागंतून बाहेर येऊन बघती.

परवा जालन्याच्या डॉक्टरकडं गेल्तो, शेठला दाखवायला. तिघं बी. डॉक्टरनं शेठचं सगळं बघितलं अन् म्हन्ले शाब्बास, नाडी पोराची झालीये तुमची. मंग भला माणूस, म्हन्ला चला, तुम्हा दोघांचं बी बघून घेतो. माझ्या दंडाला पट्टा बांधला, बीपी वाढलेलं. माऊलीच्या बांधला, त्याचं माझ्यापेक्षा जास्त. डॉक्टर म्हन्ले, काय काम करता दोघं, एवढं कशाचं टेन्शन? मी म्हन्लं साहेब, मी शेठबरोबर सायकल चालवतो अन् हा आमच्या मागं गाडी चालवतो. डॉक्टरनं मला विचारलं तुम्हाला भीती कशाची वाटती? मी म्हन्लं, मागच्याची. माऊलीला विचारलं, तुम्हाला? तो म्हन्ला, पुढच्याची.

डॉक्टरनं आम्हाला दोघांना एकच गोळी लिहून दिली. आम्ही बाहेर आलो तर शेठ बाकावर बसून पायजम्याचं रबर नीट करत होते, चेहरा असा फुललेला. म्हन्ले, मला डॉक्टरनं सांगितलं, आता अंतर वाढवायला हरकत न्हाई. उद्यापासून पार अंबडच्या पुढं जाऊ.

मी माऊलीकडं बघितलं. माऊलीनं माझ्याकडं बघितलं. अन् आम्ही दोघांनी तिथंच, बाटलीतल्या एकाच पाण्यावर, आपापली गोळी गिळली.